कांद्याच्या वाफ्यातून पाहिलेला वक्री मंगळ

२०२४ च्या नोव्हेंबरात गव्हाचं पहिलं पाणी चाललं होतं. आमची वस्ती माण तालुक्यात, दहिवडीहून म्हसवडला जाणाऱ्या रस्त्यापासून आत. शेतीपंपाची थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसा असते, एक आठवडा रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात दहाच्या पुढं मोटर चालू करायची, पाटाला पाणी आलं की वाफ्याचं दारं मोडायचं, वाफा भरेपर्यंत थांबायचं, मग पुढचं दारं. एक वाफा भरायला आठ-दहा मिनिटं लागतात. तेवढा वेळ घोंगडं पांघरून बांधावर बसायचं. चार्जिंग पुरवायचं म्हणून बॅटरी विझवलेली असते. मग नजर वर जाणारच.

त्या रात्री बारा वाजून गेले असतील. जवळजवळ डोक्यावर एक ठसठशीत, दुधी-पिवळसर चांदणी होती. आजूबाजूचं सगळं आभाळ लुकलुकत होतं आणि ही मात्र स्थिर, कुणी कंदील टांगून ठेवावा तशी. वाफ्यात साचलेल्या पाण्यातसुद्धा ती दिसत होती. लहानपणापासून जी चांदणी सगळ्यांत तेजस्वी तिला मी शुक्र म्हणत आलो, तसंच तेव्हाही म्हटलं. सकाळी धारा काढताना आबांना सांगितलं, ‘रात्री शुक्राची चांदणी काय लखलखत होती डोक्यावर.’

आबांचा हात थांबला. ‘किती वाजता?’

‘बारा-साडेबारा.’

‘मग ती शुक्राची न्हवं. शुक्र बाराला डोक्यावर कधीच येत न्हाई. एक तर दिस बुडल्यावर मावळतीला, न्हाई तर पहाटं उगवतीला. चांदणी उगवली की आम्ही मोट जुपायचो.’

‘मग ही कोणती?’

‘ते मला न्हाई ठावं.’

आबा पंच्याहत्तरीचे आहेत. त्यांना तिकांडं माहीत आहे, बाज माहीत आहे, कृत्तिकांचा पुंजका माहीत आहे. त्यांना ठाऊक नसलेली एवढी मोठी चांदणी आभाळात असावी आणि माझ्या डोक्यावर रोज रात्री येत असावी, हे मनातून जाईना.

संध्याकाळी मुद्दाम वेळेवर खळ्यात जाऊन उभा राहिलो. पावणेआठच्या सुमाराला दोन्ही एकदम दिसल्या. मावळतीला डोंगराच्या वर पांढरीशुभ्र शुक्राची चांदणी, आणि उगवतीला नुकतीच वर आलेली ती पिवळसर. इतकी वर्षं मी दोघींना एकच नाव देत होतो.

आबांचं म्हणणं अगदी बरोबर आहे, त्यामागचं कारण मात्र मला नंतर समजलं. शुक्र सूर्याभोवती पृथ्वीच्या आतल्या वाटेनं फिरतो. त्यामुळं आपल्याला तो सूर्याच्या आसपासच दिसणार, जास्तीत जास्त ४७ अंश दूर. आभाळातले अंश मोजायला काही विकत आणावं लागत नाही. हात समोर ताठ धरला की मुठीची रुंदी साधारण १० अंश भरते, करंगळीची १ अंश, आणि अंगठ्यापासून करंगळीपर्यंत ताणलेली वीत २० अंशांच्या आसपास. म्हणजे शुक्र सूर्यापासून पावणेपाच मुठींच्या पलीकडं जातच नाही. मध्यरात्री सूर्य पायाखाली असतो, तेव्हा शुक्र डोक्यावर येणार कुठून? रात्री अकरा ते दोनच्या दरम्यान एखादा ठळक, न लुकलुकणारा ठिपका उंच दिसला तर तो शुक्र नाही एवढं तरी डोळे मिटून सांगता येतं.

उरलेल्यांसाठी पुतण्यानं मोबाईलवर एक ॲप घालून दिलं. आभाळाकडं धरलं की नावं दाखवतं. पहिल्या रात्री त्यानं माझी ‘चांदणी’ कुठल्या कुठं, दक्षिणेला दाखवली. दुसऱ्या रात्री आणखी वेगळीकडं. मी मोटरच्या लोखंडी पेटीला टेकून उभा राहत होतो, त्या लोखंडानं मोबाईलमधलं होकायंत्र बहकत होतं, हे ध्यानात यायला चार रात्री गेल्या. पेटीपासून पंधरा-वीस पावलं लांब जाऊन, मोबाईल हातात आठाच्या आकड्यासारखा फिरवून घेतला की ठीक दाखवायचं. तरी मला त्याची गोडी लागली नाही. पडद्याच्या उजेडानं डोळे दिपतात आणि पुन्हा अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, तेवढ्यात तीन वाफे भरून होतात. पुढं मी बॅटरीच्या काचेवरही लाल जिलेटीन कागद रबरानं बांधला. तांबड्या उजेडानं अंधाराला सरावलेली नजर मोडत नाही. फक्त बांधावरून चालताना कागद काढायचा, कारण ओल्या रानात पायाखाली काय असेल सांगता येत नाही.

खरा उपयोग झाला पंचांगाचा. गावातल्या भटजीकाकांकडं गेलो, ‘सध्या कोणता ग्रह कुठं आहे’ म्हणून विचारलं. त्यांना वाटलं घरात काही अडचण आहे. रात्री आभाळात बघायचंय म्हटल्यावर त्यांनी चष्मा लावला, रोजच्या ग्रहांच्या राशी-अंशांचं पान काढलं आणि बोट ठेवत वाचलं. गुरू वृषभेत, वक्री. मंगळ कर्केत. शनी कुंभेत.

आपलं पंचांग निरयन असतं, म्हणजे राशी ताऱ्यांना धरून मोजलेल्या असतात. म्हणून पंचांगात ‘वृषभ’ लिहिलं असेल तर साधारण त्याच तारकांमध्ये ग्रह सापडतो. परदेशी पद्धतीच्या राशिभविष्यात सुमारे २४ अंशांचा फरक पडतो, तिथं बघून आभाळात शोधायला गेलं तर शेजारच्या राशीत जाऊन पडायला होतं. घराघरांत टांगलेल्या, मुहूर्तापुरत्या उघडल्या जाणाऱ्या त्या पुस्तकात आभाळाचा रोजचा पत्ता छापलेला असतो, हे मला वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी कळलं. मग मध्यरात्रीची माझी चांदणी गुरू होती हे नक्की झालं. शेजारी रोहिणी, त्या पलीकडं कृत्तिका. वृषभच.

मंगळ शोधताना मात्र मी फसलो. गुरूच्या जवळच एक तांबूस ठळक ठिपका होता. मंगळ तांबडा असतो हे शाळेपासून ठाऊक. कर्क कुठं असते ते माहीत नव्हतं, म्हणून तोच मंगळ धरला आणि वहीत नोंदी सुरू केल्या. वही कांद्याच्या हिशोबाची. मागच्या बाजूनं उघडून आभाळाची. रोज कृत्तिकांपासून तो किती मुठी, गुरूपासून किती. पंधरा-अठरा दिवस झाले. कृत्तिकांपासूनचं अंतर जवळजवळ दीड मूठ होतं ते दीड मूठच राहिलं. गुरू मात्र दोन करंगळ्या सरकला होता. शिवाय माझा ‘मंगळ’ उगवतीला असताना तांबडा-हिरवा चमकत लुकलुकायचा. एका रात्री वहीची तीन पानं शेजारी शेजारी ठेवली आणि उमगलं की न हलणारा तो तारा आहे. ती रोहिणी होती.

आता वाटतं, ती पंधरा दिवसांची चूक झाली नसती तर मला ग्रह ओळखताच आले नसते. रंग फसवतो, रोहिणी तांबूस, मृगातला काक्षी तांबूस, ज्येष्ठा तांबूस. न लुकलुकणं ही खूण चांगली, पण तीही क्षितिजाजवळ फसवते. तारे इतके लांब की आपल्याला नुसता बिंदू दिसतो, हवेची जराशी लाट आली की तो बिंदू हलतो. ग्रह जवळचे, त्यांची बारीकशी का होईना चकती असते, तिच्या एका कडेचं हललेलं दुसऱ्या कडेला भरून निघतं. पण डोंगराच्या अगदी माथ्याशी हवेचा थर इतका जाड असतो की शुक्रसुद्धा थरथरतो. म्हणून ग्रहाची पक्की खूण एकच: तो शेजार बदलतो. ते बघायला एक रात्र पुरत नाही. शेजारचा एक तारा धरून ठेवावा लागतो, आणि दोन-तीन आठवडे कळ काढावी लागते.

त्या रात्रींत आणखी एक गोष्ट आपोआप दिसली. संध्याकाळचा शुक्र, मध्यरात्रीचा गुरू, आणि येणारा-जाणारा चंद्र, सगळे एकाच चाकोरीतून जात होते. दिवसा सूर्य ज्या पट्ट्यात फिरतो, तीच ही चाकोरी. पुस्तकात तिला आयनिकवृत्त म्हणतात. कृत्तिका, रोहिणी, पुनर्वसू, पुष्य, मघा, चित्रा ही आपली नक्षत्रं हिच्याच काठानं लावलेल्या खुणा आहेत. व्याध हा रात्रीच्या आभाळातला सगळ्यांत तेजस्वी तारा, पण तो चाकोरीच्या खूप खाली, दक्षिणेला. त्यामुळं कितीही चमकला तरी तो ग्रह असू शकत नाही. चाकोरी डोळ्यांत बसली की निम्मं आभाळ शोधण्यातून वजा होतं.

म्हसवडला सिद्धनाथाचा रथ झाला मार्गशीर्षाच्या पहिल्या दिवशी. त्यानंतर तीन दिवसांनी चंद्राची कोर शुक्राच्या शेजारी होती, ती सगळ्या गावानं पाहिली. चंद्र लवकर मावळला आणि रात्र काळीभोर झाली. कांद्याची लागण नुकतीच उरकली होती, चिंबवणीचं पाणी चाललं होतं. दहाच्या पुढं उगवतीला आधी पुनर्वसूचे दोन तारे वर आले, जोडीनं. त्यांच्या मागून, दोन मुठींच्या आत, एक शेंदरी ठिपका. अजिबात लुकलुकत नव्हता. तो आणखी वर आला तेव्हा त्याच्या जवळ कापसाच्या बोळ्याएवढा पुसट डाग दिसला, थेट बघितलं की नाहीसा होणारा, नजर किंचित बाजूला नेली की उमटणारा. तो पुष्य नक्षत्रातला तारकागुच्छ. कर्क रास. मंगळ सापडला.

मंगळाबद्दल मला इतकी ओढ का, ते सांगायला हवं. माझी मोठी बहीण, आमची आक्का, तिच्या पत्रिकेत मंगळ. तीन स्थळं बघून, पसंत करून, पत्रिका गेल्यावर परत फिरली. एका ठिकाणी तर साखरपुड्याची तारीख बोलून झाली होती. आई रात्री चुलीपुढं बसून रडायची आणि आक्का आतल्या खोलीत ऐकत असायची. दर मंगळवारी तिचा उपास. तिचं लग्न झालं एकोणतिसाव्या वर्षी, ठोसेघरच्या बाजूला. दाजींनी पत्रिका मागितलीच नाही. आता तिचा मुलगा कॉलेजात आहे. पण त्या चार-पाच वर्षांत आमच्या घरात ‘मंगळ’ हा शब्द दबक्या आवाजातच यायचा.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात भटजीकाकांनी सांगितलं, ‘मंगळ आता वक्री होतोय.’ वक्री हा शब्द तरी मी काय म्हणून ऐकला होता? कुणाचं काम अडलं, कुणी उलटं वागायला लागलं, की ग्रह वक्री. तो शब्द आभाळातल्या एका दिसणाऱ्या गोष्टीचं नाव आहे, असं कधी वाटलंच नव्हतं.

मी पुनर्वसूच्या जोडीतला मंगळाकडचा, जास्त ठळक तारा खूण म्हणून धरला. पहिल्या आठ-दहा दिवसांत काहीच फरक नाही, मंगळ जागच्या जागी. मग हळूहळू अंतर कमी व्हायला लागलं. मला वाटलं मी वही उलटी धरून काढतोय. ग्रह ताऱ्यांमधून पूर्वेकडं सरकतात. म्हणजे मंगळानं पुनर्वसूपासून लांब जायला हवं. हा तर त्यांच्याकडं परत निघाला होता. दीड मुठीला थोडं कमी, मग सव्वा, ख्रिसमसच्या सुट्टीपर्यंत मूठभर. रोज करंगळीच्या अर्ध्यापेक्षाही कमी, पण आठवड्याला ढळढळीत दिसण्याइतकं. आणि दर आठवड्याला जास्त तेजस्वी.

हे का होतं याचं उत्तर मला रस्त्यावर मिळालं. डिसेंबर म्हणजे उसाचा हंगाम. म्हसवडवरून मोटरसायकलनं रात्री येत होतो, पुढं दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर. लांब डोंगराच्या पायथ्याला एका वस्तीचा दिवा. ट्रॅक्टर पुढं जात होता तसा त्याचा मागचा लाल दिवा वस्तीच्या दिव्यापासून पुढं सरकत होता. मी वेग वाढवून बाजूनं काढायला लागलो तेव्हा ट्रॅक्टर त्या वस्तीच्या तुलनेत मागं मागं जायला लागला. ट्रॅक्टर काही उलटा चालला नव्हता. मी त्याला मागं टाकत होतो. पुढं निघून गेल्यावर आरशात तो पुन्हा सरळ येताना दिसला. गाडी बाजूला घेऊन मी तिथंच थांबलो, ट्रॅक्टरवाला हात करून पुढं गेला.

पृथ्वी सूर्याभोवतीची फेरी ३६५ दिवसांत पुरी करते, मंगळ ६८७ दिवसांत. आतल्या वाटेवरची पृथ्वी वेगात असते, सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर, मंगळ २४. सुमारे २६ महिन्यांनी एकदा पृथ्वी त्याला गाठते आणि बाजूनं पुढं काढते. त्या काळात लांबच्या ताऱ्यांवर मंगळ मागं सरकताना दिसतो. एवढंच वक्री होणं. आणि गाठताना आपण त्याच्या सगळ्यांत जवळ असतो, म्हणून तो वक्री असतानाच सगळ्यांत तेजस्वी दिसतो. या खेपेला पृथ्वी-मंगळ अंतर सगळ्यांत कमी झालं १२ जानेवारी २०२५ ला, ९ कोटी ६० लाख किलोमीटर. १६ जानेवारीला तो सूर्याच्या बरोबर समोर, म्हणजे इकडं सूर्य मावळला की तिकडं मंगळ उगवणार आणि रात्रभर दिसणार. तेव्हा तो व्याधाच्या तोडीचा झाला होता.

खगोलशास्त्रज्ञ केप्लरनं ग्रहांच्या लंबवर्तुळाकार कक्षेचा नियम १६०९ मध्ये मांडला तो मंगळाच्याच हालचालीवरून, आणि त्यासाठी टायको ब्राहेनं वर्षानुवर्षं घेतलेली मोजमापं नुसत्या डोळ्यांची होती. दुर्बीण नसताना. हे वाचलं तेव्हा माझ्या मुठी-करंगळ्यांच्या वहीची मला फार किंमत वाटली.

भोगीची रात्र मी विसरणार नाही. १३ जानेवारी, पौष पौर्णिमा. रात्रपाळीचा आठवडा होता. पूर्ण चंद्र आणि मंगळ आभाळाच्या एकाच कोपऱ्यात. आठ वाजता दोघांत पाऊण मूठ अंतर. चांदण्यात कांद्याची पातसुद्धा स्पष्ट दिसत होती, बॅटरी लागलीच नाही. प्रत्येक दाऱ्याला वर बघत होतो. चंद्र ताऱ्यांमधून तासाला साधारण स्वतःच्या रुंदीएवढा पूर्वेला सरकतो, हे वाचलेलं होतं. त्या रात्री ते होताना पाहिलं. पहाटे सहाला मावळतीकडं दोघं करंगळीच्या दुप्पट अंतरावर आले होते. पुढचं आपल्याकडं दिवस उगवल्यावर घडलं, अमेरिकेत मात्र चंद्रानं मंगळाला झाकलेलं लोकांनी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी संक्रांत. आक्का माहेरी आली होती. ववसा, हळदीकुंकू उरकून घरच्या बायका निवांत झाल्या तेव्हा साडेसात वाजले असतील. मी तिला खळ्यात घेऊन गेलो. उगवतीला पुनर्वसूचे दोन तारे, त्यांच्याच ओळीत खाली मंगळ, आणि त्याच्याही खाली चंद्र नुकताच वर येत होता. चौघं जवळजवळ दोरी धरल्यासारखे एका रेषेत.

‘आक्का, खालचा लाल दिसतो ना, तो मंगळ.’

ती पदर सावरून उभी राहिली. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘आमच्याकडं चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांचे असे लाल दिवे असत्यात. पण ते उघडझाप करत्यात. ह्यो शांत हाय.’

मी तिला ते गंजाचं सांगितलं. मंगळाच्या मातीत लोहाचा गंज आहे, म्हणून तो तांबूस. आपल्या जुन्या मोटरच्या पाइपवर चढतो तोच. ती ऐकत होती की नाही कळलं नाही.

‘पत्रिकेत नुसता मं लिहिलेला असायचा,’ ती म्हणाली. ‘त्या चौकटीत. मी कधी कुणाला इचारलंच न्हाई, ह्यो असतो कुठं म्हणून.’

मग तिनं हात ताठ केला. मी मुठीचं सांगितलं होतं ते तिनं करून पाहिलं; बांगड्या मागं सारून, एक डोळा मिटून, मंगळ आणि शेजारचा तारा यांच्यामध्ये बोटं धरली. ‘तीन बोटांत बसतं,’ म्हणाली. आतून हाका यायला लागल्या तरी ती हलली नाही. जाताना मी तिला वहीतल्या तिन्ही महिन्यांच्या आकृत्या दाखवल्या, आणि सांगितलं की तो आता आणखी मागं जाईल, पुनर्वसूंना ओलांडून, मग थांबेल, मग परत फिरेल. तिनं एका पानाचा फोटो काढून घेतला.

शनी त्याच आठवड्यात सापडला. एकट्याला ओळखणं अवघड, कारण तो मध्यम ताऱ्याइतकाच, फिकट पिवळा. १८ जानेवारीला तो शुक्राच्या अगदी जवळ होता, दोन करंगळ्यांवर, म्हणून शंका राहिली नाही. साडेसातीच्या नावानं माणसं किती धास्तावतात, आणि तो शुक्राच्या शेजारी मुकाट्यानं मावळत होता. बुध मिळाला मार्चच्या पहिल्या आठवड्यात. त्याला जेमतेम पंधरवडा असतो. सूर्य मावळल्यावर पाऊण तासानं, शुक्राच्या खाली डावीकडं, डोंगराच्या वर बोटभर. तीन संध्याकाळी बघायला मिळाला.

मंगळ फेब्रुवारीत पुनर्वसूंच्या पलीकडं गेला. डिसेंबरात तो त्यांच्या मागून उगवायचा, आता पुढं होता. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात वहीतल्या सलग पाच नोंदी एकसारख्या आहेत. थांबला. २४ तारखेला मार्गी, म्हणजे पुन्हा सरळ चालीला, असं पंचांगात होतंच. डिसेंबरपासून तो जवळजवळ दोन मुठी मागं आला होता, आणि फिका पडायला लागला होता.

शुक्राचं मात्र आबांनी बघून घेतलं. मार्चच्या मध्याला तो बघता बघता खाली आला आणि सूर्याच्या उजेडात गेला. पाडव्यानंतर तीन दिवसांनी पहाटे आबांनी मला उठवलं. गोठ्याच्या दारातून उगवतीला दिसत होता, डोंगराला लागून. ‘आली बघ,’ म्हणाले, ‘संध्याकाळची गेली आन् पहाटंची आली. एकच हाय ती.’ तेवढं सांगून धारा काढायला बसले.

कांदा एप्रिलमध्ये निघाला. रात्रीचं पाणी संपलं. तरी मी वही घेऊन खळ्यात जायचो, कारण मंगळाची फेरी पुरी व्हायची होती. ५ मे ला रात्री नऊला आक्काचा फोन आला. ती अंगणात उभी होती, वारा ऐकू येत होता.

‘पुनर्वसू खाली मावळतीकडं हायेत. मंगळ त्यांच्या वर. दीड मूठ भरली.’

‘लाल दिसतोय का?’

‘थोडा. संक्रांतीला होता तसा न्हाई.’

‘लांब गेलाय, दुपटीपेक्षा जास्त. त्याच्या जवळ तो कापसाचा बोळा दिसतो का बघ.’

ती थांबली. अर्धवट वाढलेला चंद्र वर होता, त्याच्या उजेडात मलाही दिसत नव्हता. पण जागा तीच होती, डिसेंबरात चिंबवणीच्या रात्री मंगळ जिथं सापडला होता ती.

‘न्हाई दिसत,’ ती म्हणाली. ‘चंद्र गेल्यावर परत बघते.’

वहीत मी लिहिलं: ५ मे, रात्री ९, ठोसेघर. पुनर्वसूपासून दीड मूठ. नोंद आक्काची.